अलावेर्दीचे पुरलेले रांजण

जॉर्जियाच्या पूर्वेस काखेती नावाचा प्रांत आहे. तेलावी शहराकडून निघालेला प्रवासी अलाझानी नदीच्या खोऱ्यात उतरला, की द्राक्षमळ्यांच्या सपाटीवर एक उंच शिखर दुरूनच दिसू लागते. त्यामागे कॉकेशसच्या डोंगररांगा. हे अलावेर्दीचे सेंट जॉर्ज कॅथेड्रल. अकराव्या शतकाच्या प्रारंभी काखेतीचा राजा क्विरिके तिसरा याने ते उभारले. मठाची परंपरा मात्र सहाव्या शतकात सीरियाकडून आलेल्या जोसेफ या साधूपर्यंत नेली जाते. वास्तूची उंची पन्नास मीटरांहून अधिक. तिबिलिसीचे नवे सामेबा कॅथेड्रल होईपर्यंत देशातील सर्वांत उंच देवालय हेच.

तटबंदीच्या आत गेल्यावर मात्र मान वर करण्यापेक्षा पायांखाली पाहणे अधिक लाभाचे. येथील वाइनच्या कोठाराला ‘मरानी’ म्हणतात. तेथे पिंपे नाहीत, फडताळे नाहीत. जमिनीत फक्त गोल तोंडे दिसतात. प्रत्येक तोंडाखाली अंड्याच्या आकाराचा, आतून मेण दिलेला मातीचा प्रचंड रांजण गळ्यापर्यंत पुरलेला असतो. हे ‘क्वेव्री’. आपल्याकडील धान्याची पेवे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यामागची युक्ती समजावून सांगावी लागणार नाही: जमिनीच्या पोटात ऊन-थंडीचा फरक फारसा पोहोचत नाही.

शरदात द्राक्षे तुडवून रस, साली, बिया आणि बहुधा देठही क्वेव्रीत सोडतात. आंबू लागल्यावर वर येणारा चोथा दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो. मग तोंड बंद होते आणि वसंतात उघडते. पांढऱ्या द्राक्षांची वाइनही त्यामुळे अंबरासारखी पिवळसर-तांबूस उतरते. २०१३ साली युनेस्कोने ही पद्धत मानवजातीच्या अमूर्त वारशात समाविष्ट केली.

या मठाच्या बाटल्यांवर ‘१०११ पासून’ असे छापलेले असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने नेमके येथेच थांबावे. ‘पासून’ हा शब्द अखंडता सुचवतो, आणि अलावेर्दीचा इतिहास अखंड नाही.

सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शाह अब्बासने काखेती उद्ध्वस्त केली. साठ-सत्तर हजार माणसे मारली गेली आणि लाखाहून अधिक बंदी करून इराणात नेली, हे शाहाचाच दरबारी इतिहासकार इस्कंदर बेग मुन्शी लिहितो. दरबारी लेखणीचे आकडे फुगलेले असू शकतात. उजाड झालेला प्रांत मात्र खोटा नव्हे. राजा तैमुराजची आई केतेवान शाहाच्या कैदेत होती. धर्मांतरास नकार दिल्यामुळे १६२४ मध्ये शिराझ येथे तिचा छळ करून वध करण्यात आला. ऑगस्टिनियन पंथाच्या पोर्तुगीज धर्मगुरूंनी तिचे अवशेष मिळवले. त्यांतील काही तिच्या मुलाकडे पोहोचले आणि अलावेर्दीत ठेवले गेले; काही गोव्याला आले. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिन चर्चच्या भग्नावशेषांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला सापडलेले अस्थी तिचेच असावेत, याला हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील डीएनए तपासणीने बळ दिले. २०२१ मध्ये भारताने त्यांतील एक अंश जॉर्जियाला भेट दिला. गोव्याची सहल करताना तो उंच पडका मनोरा अनेकांनी पाहिलेला असतो. त्याचा काखेतीशी असलेला धागा फार थोड्यांना ठाऊक असतो.

पुढे १८११ मध्ये रशियन साम्राज्याने जॉर्जियन चर्चची स्वायत्तता काढून घेतली आणि १९२१ नंतर सोव्हिएत राजवट आली. मठातील जीवन खंडित झाले. द्राक्षशेतीवरचा आघात तितकासा उघड नव्हता. सरकारी कारखान्यांना भरपूर आणि एकसारखा माल हवा होता. त्यामुळे र्कात्सितेली आणि सापेरावी या जातींची चलती झाली. पाचशेहून अधिक देशी जातींपैकी बहुतेक मागे पडल्या. १९८५ च्या मद्यविरोधी मोहिमेत तर मळेच उपटले गेले.

अलावेर्दीची मरानी पुन्हा सुरू झाली ती २००६ साली, एका वाइन कंपनीच्या साहाय्याने. त्याच वर्षी रशियाने जॉर्जियन वाइनवर बंदी घातली आणि देशाची सर्वांत मोठी बाजारपेठ एकाएकी बंद झाली. स्वस्त, गोड, घाऊक माल घेणाराच उरला नाही, तेव्हा आजोबांच्या क्वेव्रीकडे शहरी उत्पादकांचेही लक्ष वळले. भक्तीइतकाच व्यापाराचाही या पुनरुज्जीवनाला हातभार लागला, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

म्हणून ‘१०११ पासून’पेक्षा ‘२००६ पासून, पुन्हा’ हे अधिक खरे ठरले असते, आणि अधिक अभिमानाचेही. आज मठाच्या आवारात शंभराहून अधिक देशी जातींच्या वेली जपल्या आहेत. काखेतीतील कुटुंबे पूर्वी घरच्या मरानीत एक क्वेव्री देवासाठी राखून ठेवत. त्यातील वाइनला ‘झेदाशे’ म्हणत आणि ती सणाखेरीज उघडत नसत. मठातील वाइनचे पहिले काम आजही तेच, प्रार्थनाविधीतील प्याला भरण्याचे. विक्रीच्या बाटल्या त्यानंतर.