मृगातला ढग आणि भिलाईचा उजेड

गेल्या हिवाळी सुट्टीत मी घरी भिलाईला गेलो, तेव्हा मामाने त्याचा जुना डीएसएलआर कॅमेरा मला दिला. सोबत 50 मिमीची लेन्स आणि एक डगमगता ट्रायपॉड. मृग नक्षत्र मी शाळेच्या मैदानावरून खूपदा पाहिले होते. व्याधाचा बाण म्हणजे त्या तीन चांदण्या. त्यांच्याजवळच एक धूसर ठिपका दिसतो. तो तारा नाही. सुमारे 1300 प्रकाशवर्षे दूर असलेला वायू आणि धुळीचा ढग आहे, नाव एम 42. तिथे आजही नवे तारे जन्मत आहेत. त्याचा फोटो काढायचा, असे मी ठरवले.

पण आमच्या आभाळाची गोष्ट वेगळी. 1959 मध्ये पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून भिलाईला पुरता अंधार ठाऊक नाही. पहिल्या रात्री क्वार्टरच्या गच्चीवर 30 सेकंद शटर उघडे ठेवले. आभाळ दुधाळ चहासारखे आले आणि तारे रेघांसारखे, कारण तेवढ्या वेळात पृथ्वी फिरते.

मग वाचून-विचारून कळले की एक मोठा फोटो काढायचाच नाही. 5-5 सेकंदांचे शेकडो फोटो काढायचे आणि संगणकावर एकावर एक रचायचे. याला स्टॅकिंग म्हणतात. फोटो जुळवून घेतले की ताऱ्याचा उजेड प्रत्येक फोटोत त्याच जागी येतो, कॅमेऱ्याची खरखर मात्र दर वेळी वेगळी असते. 100 फोटोंची सरासरी काढली की खरखर दहाव्या हिश्श्यावर येते. पुण्याच्या प्रथमेश जाजूने 2021 मध्ये चंद्राचे 50 हजारांहून अधिक फोटो असेच जोडले होते. मी 240 काढले, म्हणजे एकूण 20 मिनिटांचा उजेड.

शिवाय लेन्सला झाकण लावून तेवढ्याच वेळेचे काळे फोटो घ्यावे लागतात. त्यातून कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष कळतात. लेन्सवरची धूळ आणि कडांचा काळोख काढायला एकसारख्या पांढऱ्या उजेडाचे फोटो लागतात. त्यासाठी मी पी.टी.चा पांढरा टी-शर्ट लेन्सवर ताणून धरला. आई म्हणाली, "आता कॅमेऱ्याचीही पी.टी. घेतोस का?"

सिरिल हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात सगळे रचून झाल्यावर पडद्यावर आले जवळजवळ काळे चित्र. माझा चेहरा उतरला. पण उजेड त्यात होता, फक्त दबलेला. त्याला हळूहळू वर ओढायचे, ते स्ट्रेचिंग. मग भिलाईचा नारिंगी उजेड वजा केला आणि त्या काळोखातून गुलाबी पंख पसरलेला ढग वर आला. रात्रीचा एक वाजला होता. मी एकटाच हसत होतो.

इथेच थांबायला हवे होते. मला आणखी हवे होते. रंग वाढवला, धार वाढवली, परत वाढवली. ढगात बारीक, सुंदर धागे दिसू लागले. 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, तो फोटो शाळेच्या प्रदर्शनात लागला. सगळे वाहवा करत होते. तेवढ्यात सातवीतल्या एका ज्युनियरने बोट ठेवून विचारले, "सर, हे धागे कशाचे आहेत?"

मी काहीतरी उत्तर दिले. पण रात्री झोप येईना. दुसऱ्या दिवशी संगणक कक्षात मूळ चित्र उघडले. त्यात धागे नव्हतेच. मी खरखरीलाच धार लावली होती.

रविवारी बाबांना फोनवर सांगितले. बाबा भट्टीवर काम करतात. ते एवढेच म्हणाले, "आमच्याकडे मीटर दाखवेल तेच लॉगबुकात लिहितात. चांगलं दिसावं म्हणून आकडा बदलला, तर पुढच्या पाळीचा माणूस फसतो."

सोमवारी सरांकडे जाऊन खरे सांगितले आणि फोटो स्पर्धेतून काढून घ्यायची विनंती केली. पाय लटपटत होते. सर रागावले नाहीत. म्हणाले, "नवा करून आण आणि खाली काय काय केलंस ते लिही." त्या ज्युनियरलाही शोधून सांगितले. तो म्हणाला, "मग खरा कसा दिसतो, सर?"

खरा फिकट दिसतो. धागे नाहीत, कडेला थोडी खरखर आहे. खाली लिहिले आहे: भिलाई, 5 सेकंदांचे 240 फोटो, रंग किंचित वाढवलेला. एका कोपऱ्यात नारिंगी छटा अजून उरली आहे. ती काढता येते, पण मी राहू दिली. त्या रात्री बाबा नाइट शिफ्टला होते.

— एक कॅडेट, इयत्ता 11 वी