परमुलखातलं मागणं

पलटणीत देवधर्म हा नेमाचा भाग असतो. रविवारची मंदिर परेड चुकत नाही, पंडितजी पलटणीच्या नोकरीतलेच असतात, आणि मोहिमेवर निघताना गजर झाल्याशिवाय गाडी हलत नाही. काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत निळं हेल्मेट घालून गेलो, तेव्हा हा नेम सोबतच गेला. माझं कुलदैवत जोतिबा. गोमा शहरातल्या आमच्या कॅम्पात, कॉटच्या उशाशी, त्याचा फोटो आणि गुलालाची पुडी असायची.

२०२१ चा मे महिना होता. इकडे महाराष्ट्रात करोनाची दुसरी लाट भरात होती. वडील ऑक्सिजनवर होते आणि मी समुद्रापार. त्या दिवसांत देवाकडे माझं एकच मागणं होतं, आणि ते फक्त घरापुरतं होतं.

२२ मे, शनिवार. संध्याकाळी सातच्या सुमारास उत्तरेचं आभाळ लाल झालं. आमच्या निरीक्षण चौकीवरून वायरलेसवर खबर आली: न्यीरागोंगो फुटला. ३,४७० मीटर उंचीचा हा ज्वालामुखी गोम्याच्या डोक्यावरच उभा आहे. त्याचा लाव्हा फार पातळ असतो, म्हणून उतारावरून वेगानं धावतो. जानेवारी २००२ मध्ये तो भर शहरातून थेट किवू सरोवरापर्यंत गेला होता आणि जाताना विमानतळाच्या धावपट्टीचा एक भाग त्यानं गाडला होता. तो काळा दगड फोडून लोकांनी पुढे त्याचीच कुंपणं बांधली. त्यामुळे आता काय होऊ शकतं, हे तिथल्या लहान पोरालाही सांगावं लागत नव्हतं.

हुकूम आला. तुकडीतल्या बहुतेकांनी हिंबीच्या तळावर जायचं, बाकीच्यांनी विमानतळावरच्या कॅम्पात थांबून संयुक्त राष्ट्रांची विमानं आणि विमानाचं इंधन सांभाळायचं. मी थांबणाऱ्यांत होतो. वर आग पेटलेली, आणि आमच्या पाठीशी इंधनाचा साठा.

वीज गेली. त्या लाल उजेडात सगळं शहर रस्त्यावर उतरलं. डोक्यावर गाद्या, पाठीला बांधलेली लेकरं, चुकुडू या लाकडी गाड्यांवर लादलेली भांडी. कुणी रवांडाच्या हद्दीकडे गिसेनीला निघालं होतं, कुणी साकेच्या वाटेनं. आमच्या फाटकाशी एक बाई क्षणभर टेकली. कडेवर एक मूल, बोटाला दुसरं. ती एकच शब्द पुटपुटत होती, ‘मुंगू, मुंगू’. स्वाहिलीत देवाला मुंगू म्हणतात, एवढं मला तोवर कळत होतं. बाटलीभर पाणी दिलं. पोरांना पाजून ती गर्दीत मिसळली.

तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत मी हात जोडले. “जोतिबा, हे गाव वाचव.” सैन्यात इतकी वर्षं काढली, पण तोवर मी मागितलं होतं ते आपल्यांसाठी: पलटणीचं यश, जोडीदाराचा जीव, घरच्यांची खुशाली. ज्या गावात माझं ना नातं ना गोतं, त्याच्यासाठी पदर पसरायची ती पहिलीच वेळ. वडिलांचं नावही त्या रात्री तोंडी आलं नाही. पहारा बदलला तरी मी जागाच होतो.

पहाटे खबर आली की लाव्हा बुहेनेजवळ थांबला आहे. विमानतळ तिथून काही शे मीटरवर होता. शहर उभं होतं, धावपट्टी शाबूत होती, इंधनाला धग लागली नव्हती.

बुहेनेचं दृश्य मी नंतर पाहिलं. रुत्शुरूचा रस्ता मधेच काळ्या वाफाळत्या थराखाली नाहीसा झाला होता आणि त्या थराखाली घरं होती. तीसहून अधिक माणसं त्या आपत्तीत गेली. पुढचे दिवस जमीन हादरत राहिली. सरोवराच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन साठलेला आहे. तिथवर तप्त रस पोहोचला तर काय होईल, या भीतीनं २७ मेला शहराचा मोठा भाग रिकामा करायला लावला आणि लाखो माणसं बाहेर पडली. दुसरा उद्रेक झाला नाही. जूनमध्ये लोक परतू लागले. माझे वडीलही बरे होऊन घरी आले.

लाव्हा का थांबला, याची कारणं भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात आणि ती मला मान्य आहेत. वरच्या वस्तीतल्या लोकांनीही त्या रात्री देवाला हाक मारलीच असेल. त्यांची घरं का गेली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तरीही माझी प्रार्थना ऐकली गेली, असंच मी मानतो आणि मरेपर्यंत मानीन. ऐकली गेलेली प्रार्थना माणसावर ऋण ठेवते. म्हणूनच पुढच्या दिवसांत पाण्याच्या टँकरवर, चुकलेल्या पोरांच्या शोधात, जिथे कामाला माणूस हवा होता तिथे मी सांगण्याआधी उभा राहिलो.

आता चैत्रात डोंगरावर गुलाल उधळताना ‘चांगभलं’ म्हणतो, तेव्हा गोम्याचंही भलं मागतो. तुम्हीही आपापल्या देवापुढे उभे राहाल तेव्हा एक मागणं अशा माणसांसाठी करा, ज्यांचं तुम्ही काहीच लागत नाही. आणि मागून झालं की त्यांच्यासाठी हातांनी जे करता येईल, ते करा.