वही पुरात गेली त्यानंतर

मावशीची पासवर्डची वही ऑगस्ट २०१९च्या पुरात गेली. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर चढलं. गावभागातल्या तिच्या घराचा खालचा मजला बुडाला. भांडी धुऊन निघाली, गाद्या टाकून दिल्या, कपाटातल्या त्या वहीचा मात्र लगदा झाला होता. गॅसचं बुकिंग, वीजबिल, ईमेल, बँक, विमा, सगळ्यांचे पासवर्ड काकांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, त्यात शाईच्या पेनानं लिहिलेले. आणि काका आदल्या वर्षीच गेले होते, त्यामुळे विचारायलाही कुणी उरलं नव्हतं.

मी साताऱ्यात शाळेत संगणक शिकवते, म्हणून चिखल उपसून झाल्यावर ही खाती परत मिळवायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यात जास्त अडलं ते ईमेलपाशी. बाकीच्या खात्यांचे नवे पासवर्ड ईमेलवर येणार आणि ईमेलचा ओटीपी काकांच्या बंद झालेल्या सिमवर जाणार. कागदपत्रं देऊन, रांगा लावून एकेक खातं हाती आलं. तोवर स्वतःच्याच पैशांचं काय चाललंय हे मावशीला कळायला मार्ग नव्हता. हे सगळं काकांच्या हाती होतं आणि ते असेपर्यंत कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आपल्याकडे बहुतेक घरांत असंच असतं.

मावशी म्हणाली, "नवी वही आण गं, या वेळी माळ्यावर ठेवते." मी वहीला नावं ठेवत नाही. परगावचा चोरटा इंटरनेटवरून ती वाचू शकत नाही. पण वहीत बघून टाइप करायचं म्हटलं की माणूस सोपा पासवर्ड घेतो आणि तोच सगळीकडे वापरतो. धोका तिथेच आहे. साड्या विकणाऱ्या एखाद्या छोट्या संकेतस्थळावरून ईमेल आणि पासवर्डची जोडी फुटली, की चोरटे तीच जोडी ईमेलवर, बँकेवर, सगळीकडे लावून बघतात. हे काम यंत्रं करतात, लाखो खात्यांवर एका वेळी. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञानं २०१३ साली 'हॅव आय बीन प्वोन्ड' हे संकेतस्थळ सुरू केलं. आपला ईमेल फुटलेल्या याद्यांत आहे का, ते तिथे फुकट बघता येतं. मावशीचा ईमेल टाकला, तर तो निघाला.

मग मी तिच्या फोनवर बिटवॉर्डन हे पासवर्ड सांभाळणारं ॲप घातलं. त्याचा सोर्स कोड कुणालाही तपासता येतो आणि साध्या वापराला पैसे लागत नाहीत. संगणकावरच फाइल ठेवायची असेल त्यांच्यासाठी २००३ पासूनचं कीपास आहे. काम सारखंच: प्रत्येक खात्याला वेगळा, लांब, अर्थहीन पासवर्ड ॲपच तयार करतं, कुलूपबंद ठेवतं आणि लागेल तिथे भरतं. माणसानं एकच मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा. तो कंपनीलाही ठाऊक नसतो, म्हणून विसरला तर कंपनी तो परत देऊ शकत नाही.

हा मुख्य पासवर्ड निवडण्यात आमची अख्खी दुपार गेली, आणि ती जायलाच हवी होती. मावशीला गणपतीचं नाव आणि माझ्या मावसभावाचं जन्मवर्ष हवं होतं. सांगलीत हे कुणालाही पहिल्या फटक्यात सुचेल. अर्नॉल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ साली फाशांची एक पद्धत काढली होती: ७,७७६ शब्दांची यादी, पाच फासे टाकायचे, पडलेल्या आकड्यांचा शब्द घ्यायचा. शब्द आपण निवडायचे नाहीत, नशिबानं पडू द्यायचे, हे त्यातलं मर्म. आम्ही काकांचा मराठी शब्दकोश घेतला, डोळे मिटून पान उघडलं आणि सापशिडीचा फासा टाकून तितकावा शब्द घेतला. असे पाच शब्द. इंग्रजी अक्षरांत त्यांचं स्पेलिंग कसं करायचं तेही तेव्हाच पक्कं केलं, नाहीतर आज एक 'ए' आणि उद्या दोन असा घोळ होतो. त्या पाच बेमेळ शब्दांची मावशीनं एक गोष्ट रचली आणि संध्याकाळपर्यंत तिला ते पाठ झाले.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. "अगं, तुझं ते ॲप बिघडलंय. बँकेचा पासवर्ड भरतच नाही." केवायसी संपल्याचा मेसेज आला होता, त्यातली लिंक उघडली होती. पान हुबेहूब बँकेचं, बोधचिन्हासकट. पण ॲप पान कसं दिसतं हे बघत नाही, पत्ता बघतं, आणि तो पत्ता बँकेचा नव्हता. मी तिला पान बंद करायला सांगितलं. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो आजही शब्दांत सांगता येत नाही.

खातं दुसऱ्याच्या हाती असणं फक्त मावशीच्याच घरी नव्हतं. माझं सासर वाई तालुक्यातलं. तिथे घरातल्या आबांनी ठिबक सिंचनासाठी महाडीबीटी या सरकारी योजनांच्या संकेतस्थळावर अर्ज भरला होता. मी यूजरनेम विचारलं तर म्हणाले, "ते केंद्रावरच्या पोराकडं हाय की." पासवर्ड त्याच्याकडे आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबरही त्याचाच. तेव्हा निवड सोडतीनं व्हायची आणि कागद ठरल्या मुदतीत चढवावे लागायचे. मेसेज दुसऱ्याच्या फोनवर आला तर शेतकऱ्याला कळणार कसं? पोरगा सज्जन होता, त्यानं नंबर बदलून दिला. पण सरकारी योजनेतलं माणसाचं खातं दुसऱ्याच्या सज्जनपणावर चालावं, हे मला मान्य नाही.

पासवर्डच्या ॲपनं सगळी फसवणूक थांबते असं मी म्हणणार नाही. ओटीपी स्वतःच सांगितला, अनोळखी माणसाला फोनची स्क्रीन दाखवली, तर ते काही करू शकत नाही. २०२२ साली लास्टपास या अशाच ॲपच्या कंपनीकडून ग्राहकांच्या पासवर्ड-साठ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, पण ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा होता त्यांना खरी भीती होती. म्हणून ती दुपार महत्त्वाची. ॲपला आणि ईमेलला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावावी, आणि मुख्य पासवर्ड व रिकव्हरी कोड कागदावर लिहून पाकिटात बंद करावा. मावशीचं पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये आहे, आणि तिच्या पश्चात ते कुणी उघडायचं हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

साताऱ्या-सांगलीची कितीतरी मुलं पुण्या-मुंबईत असतात आणि आईची खाती तिथून स्वतःच्या फोनवर चालवतात. प्रेमापोटीच करतात. त्यांना माझी विनंती आहे: पुढच्या वेळी घरी याल तेव्हा एक दुपार राखून ठेवा, आईच्या फोनवर आईचं ॲप घालून द्या, नंबर तिचा जोडा आणि मुख्य पासवर्ड तिलाच ठरवू द्या.