बळ कशासाठी कमवावे?

कुस्ती, ठोसे, लाथा आणि सांधे आवळण्याचे डाव असे सारे काही एकाच लढतीत चालणाऱ्या ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’ या खेळाविषयी मला कधी आस्था वाटली नाही. नातू दूरचित्रवाणीवर ते सामने लावी, तेव्हा मी विणकाम उचलून आतल्या खोलीत जाई. तरीही या खेळाचा एक अजिंक्यवीर 2024 पासून माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे. ब्याण्णव वर्षांच्या सासूबाईंना पलंगावरून उठवताना मला त्याची आठवण होते. त्याचे नाव मार्क कोलमन.

कोलमनचा जन्म 1964 सालचा, अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या फ्रीमाँट गावचा. त्याची मूळ विद्या कुस्ती. 1988 मध्ये त्याने ओहायो स्टेट विद्यापीठाकडून राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपद मिळवले, 1991 मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्यपदक जिंकले आणि 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तो सातवा आला. 1996 मध्ये तो ‘यूएफसी’च्या पिंजऱ्यात उतरला आणि फेब्रुवारी 1997 मध्ये डॅन सेव्हर्नला नमवून त्या संघटनेचा पहिला हेवीवेट विजेता ठरला. प्रतिस्पर्ध्याला आडवे करायचे आणि वर दाबून बसून ठोसे द्यायचे, ही त्याची पद्धत. पुढे अनेकांनी ती उचलली.

पण बळाला दमाची साथ लागते. त्याच वर्षी जुलैमध्ये मॉरिस स्मिथविरुद्धची लढत एकवीस मिनिटे लांबली, कोलमनची शक्ती संपली आणि किताब गेला. त्यापाठोपाठ आणखी पराभव आले. सगळे त्याला विसरू लागले असताना, 2000 साली टोकियोमध्ये सोळा मल्लांची ‘प्राइड’ स्पर्धा जिंकून तो पुन्हा उभा राहिला. 2006 मध्ये रशियाच्या फेडोरकडून हरल्यावर त्याच्या दोन लहान मुली रिंगणात आल्या. वडिलांचा सुजलेला चेहरा पाहून त्या रडत होत्या, आणि तो त्यांची समजूत काढत होता. 2010 मध्ये त्याची अखेरची लढत झाली.

त्यानंतरची वर्षे आपल्या वाचकांना अधिक ओळखीची वाटतील. झिजलेला खुबा, शस्त्रक्रिया, एकाकीपणा आणि मद्याचे व्यसन. 2020 मध्ये हृदयविकाराचा झटका आला. मित्रांनी आधार दिला, त्याने व्यसनमुक्तीचे उपचार घेतले, मद्य सोडले आणि पुन्हा व्यायामाला लागला. त्या वेळी त्याच्यासमोर ना कोणता किताब होता, ना प्रेक्षक.

12 मार्च 2024 रोजी, सारे झोपेत असताना, फ्रीमाँटमधल्या त्याच्या आईवडिलांच्या घराला आग लागली. त्याचा कुत्रा ‘हॅमर’ भुंकत राहिला आणि त्या भुंकण्याने कोलमनला जाग आली. धुराने भरलेल्या घरातून एकोणसाठ वर्षांच्या या मुलाने आई आणि वडील दोघांनाही बाहेर आणले. मग तो कुत्र्यासाठी पुन्हा आत गेला. हॅमर वाचला नाही. कोलमनला हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावे लागले. तो शुद्धीवर आला तेव्हा आईवडील सुखरूप होते. पुढच्याच महिन्यात लास वेगासमध्ये दुसऱ्या एका विजेत्याच्या कमरेला पट्टा बांधायला तो उभा होता.

आपल्याकडे अशा मुलाला श्रावणबाळ म्हणण्याची रीत आहे. मला मात्र त्या आधीच्या तीन-चार वर्षांचे मोल अधिक वाटते. तो मद्याच्या अमलाखाली झोपला असता, तर ते भुंकणे त्याच्या कानी पोहोचले असते का? वडीलधाऱ्यांची शुश्रूषा करणारे आपण बहुतेक जण साठीच्या आसपासचे असतो. स्वतःचे फिरणे, व्यायाम, औषधे आणि झोप यांना आपण रांगेत शेवटी उभे करतो. कोलमनच्या कहाणीतून मी एवढेच घेतले की शुश्रूषा करणाऱ्याचे आरोग्य हा शुश्रूषेचाच भाग आहे.

म्हणून मी रोज खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठते आणि बसते. मांड्यांना याहून सोपा व्यायाम नाही. खुब्याचे किंवा गुडघ्याचे दुखणे असेल, त्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. वय वाढले की स्नायू झडतात हे खरे. पण नव्वदीतही ते व्यायामाला दाद देतात. सासूबाईंना उठवताना मी त्यांना आधी कुशीवर वळवते, पाय पलंगाखाली सोडू देते आणि मगच बसवते. माझे गुडघे वाकलेले, पाठ सरळ, आणि त्यांचे शरीर माझ्या शरीरालगत. त्यांना दंडाला धरून ओढायचे नाही, हा आमच्या घरचा नियम आहे.

आगीच्या बाबतीतही आम्ही थोडी तयारी केली आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. त्याला वास नसतो, आणि गाढ झोपेत धुराचा वासही जागे करीलच असे नाही. म्हणून झोपण्याच्या खोलीत आणि तिच्याबाहेर स्मोक अलार्म हवा. श्रवणयंत्र काढून झोपणाऱ्या वृद्धांना त्याचा तीव्र, बारीक आवाज ऐकू येत नाही. तेव्हा त्यांच्या शेजारी चांगले ऐकू येणारे कोणी असावे. पलंगापासून दारापर्यंतची वाट मोकळी ठेवावी, किल्ली ठरलेल्या खिळ्याला असावी. उचलणे शक्य नसेल, तर माणसाला चादरीवर घेऊन जमिनीलगत ओढत न्यावे, कारण धूर वर साठतो. 101 किंवा 112 हा क्रमांक घरातल्या सर्वांना पाठ असावा.

आणि एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत जाऊ नये. कोलमनच्या मायेला मी नमस्कार करते, पण त्या शेवटच्या फेरीचे अनुकरण कोणी करू नये. तिथे त्याच्यासारख्या जगज्जेत्याचे बळही धुरापुढे हरले. मागे कोणी राहिले असेल, तर ते अग्निशमन दलाला सांगावे. ज्यांना आपण बाहेर आणले, त्यांना उद्या सकाळी उठवायलाही आपणच लागणार आहोत.