अठरा वर्षांखालचा ग्राहक

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 11 नुसार अज्ञान, म्हणजे 18 वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती करार करण्यास पात्र नसते, आणि तिने केलेला करार मुळातच रद्दबातल ठरतो, असा निर्वाळा प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात 1903 मध्ये दिला, जो आजही प्रमाण मानला जातो. तो व्यवहार मालमत्ता गहाण ठेवून कर्ज घेण्याचा होता, आणि ऋणको अज्ञान असल्याचे सावकाराच्या मुखत्याराला ठाऊक होते, हा त्यातील महत्त्वाचा तपशील होय. आज मोबाइलवरील खेळ चालवणाऱ्या कंपनीला खेळणारा किती वाजता खेळतो, कुठे अडतो आणि कोणत्या क्षणी पैसे खर्च करतो हे सारे कळत असते; वय मात्र ती एका चौकटीवरील टिचकीवरून मान्य करते.

या खरेदीची रचना जवळून पाहण्याजोगी आहे. खेळातील पोशाख किंवा शस्त्र रुपयांत विकले जात नाही. आधी नाणी किंवा हिरे या नावाचे आभासी चलन गठ्ठ्याने विकत घ्यावे लागते, आणि गठ्ठ्याचा आकडा वस्तूच्या किमतीशी बहुधा जुळत नसल्याने काही नाणी उरतात, ती वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा टॉप-अप केला जातो, आणि या फेऱ्यात रुपयाचा हिशेब नजरेआड होतो. त्यापुढची पायरी ‘लूट बॉक्स’ची, म्हणजे आत काय निघेल हे पैसे दिल्यावरच कळणाऱ्या पेटीची. बक्षीस कितव्या प्रयत्नाला मिळेल हे अनिश्चित असले की प्राणी ती कृती अधिक चिकाटीने करत राहतो, हे बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवले होते, आणि जुगाराची यंत्रे याच तत्त्वावर चालतात. बेल्जियमच्या जुगार नियामकाने 2018 मध्ये काही लोकप्रिय खेळांतील अशा सशुल्क पेट्या जुगाराच्या व्याख्येत बसतात असा निष्कर्ष काढला, तो सर्वस्वी योग्य होता.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला नकळत खर्चात ओढणारी पडद्यावरील मांडणी, यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढून असे 13 प्रकार नमूद केले. वेळ संपत आल्याची खोटी घाई त्यात आहे, न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणेही आहे; परंतु त्यातील ग्राहक प्रौढ गृहीत धरलेला आहे, आणि 12 वर्षांच्या मुलावर तीच मांडणी किती अधिक परिणाम करते याचा विचार त्यात नाही.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, 2023 ने मात्र 18 वर्षांखालील सर्वांना बालक मानून त्यांच्या विदेच्या वापरासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली आणि त्यांच्या वर्तनाचा माग काढून जाहिराती दाखवण्यास मनाई केली. यातील मनाईचा भाग मोलाचा आहे. संमतीचा भाग दुबळा आहे, कारण ज्या घरात एकच मोबाइल सर्वांच्या हातून फिरतो, ओटीपी त्याच मोबाइलवर येतो आणि यूपीआयचा पिन मुलांना पाठ असतो, तिथे पालकाच्या नावाची संमती मूल स्वतःच देऊन मोकळे होते.

मुलांना पैशापासून दूर ठेवणे हा यावरचा उपाय नव्हे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये 10 वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा बँकांना दिली, त्यात शिल्लक उणे जाऊ न देण्याची अट आहे, प्रत्येक नोंद रुपयांत दिसते आणि घरच्यांना ती तपासता येते. हाच दंडक खेळांनाही लागू व्हायला हवा: 18 वर्षांखालील खात्यावर किंमत फक्त रुपयांत दाखवावी, अनिश्चित बक्षिसांची विक्री बंद असावी आणि वय चुकीचे मानल्याची जबाबदारी कंपनीची असावी. विदा कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून बालकांविषयीच्या तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये अमलात येणार आहेत. तोवर ग्राहक संघटनांनी आणि पालक-शिक्षक संघांनी ही मागणी प्राधिकरणाकडे लेखी नोंदवावी.