खालाचे दुकान आणि जासूसी दुनिया

भाचीने पुण्याहून येताना एक इंग्रजी कादंबरी आणली आणि म्हणाली, "फुप्पू, ही तुम्हा दोघींसाठीच लिहिलीय." मोनिका फेरिस या अमेरिकन लेखिकेची 'क्रूएल वर्ल्ड', १९९९ सालची. मिनेसोटातल्या एक्सेलसियर नावाच्या तळ्याकाठच्या छोट्या गावात भरतकामाच्या सामानाचे एक दुकान. मालकिणीचा दुकानातच खून होतो आणि भरतकामात अगदीच कच्ची असलेली तिची बहीण बेट्सी दुकान सांभाळता सांभाळता खुनी शोधून काढते. क्रूएल म्हणजे लोकरीच्या दोऱ्याचा कशिदा; पण इंग्रजीत 'निर्दय' या शब्दाचा उच्चारही तोच. दर सोमवारी बायका दुकानात जमतात, टाके घालतात, गावाची उणीदुणी काढतात. त्यातच पुरावे सापडतात. रक्तपात फारसा नाही. हातातला चहा गार होऊ नये इतपतच भीती. अशा कादंबऱ्यांना तिकडे 'कोझी' म्हणतात.

आम्ही दोघी बहिणींनी ती डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. खुनी कोण याची उत्सुकता होतीच, पण पानापानाला आठवत होते ते अमरावतीचे खालाचे दुकान.

आमचे माहेर अकोल्याच्या ताजनापेठेतले. अब्बा इब्ने सफींचे भक्त. अलाहाबादहून १९५२ पासून त्यांची 'जासूसी दुनिया' निघे. त्याच वर्षी लेखक कराचीला गेले, तरी अलाहाबादची छपाई थांबली नाही. फरीदी आणि हमीद आमच्या घरातलेच झाले होते; १९५५ नंतरचा इमरानही. शेजारच्या काकूंकडे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड. भिंतीवरून देवाणघेवाण चाले. काकू हिंदीतला 'कर्नल विनोद' वाचायच्या. तो आमचा फरीदीच, हे कळले तेव्हा त्यांनी आमच्याकडे असे पाहिले, की जणू आम्हीच नाव बदलून आणले! हिंदीत इमरानचाही राजेश झाला होता. हमीद तेवढा हमीदच राहिला, का कोण जाणे. मराठी आम्ही शाळेत शिकलो खरे, पण वाचायची चटक झुंजारने लावली.

या सगळ्या पुस्तकांत जासूस पुरुषच. बाई बहुधा पळवलेली, नाहीतर पळवणारी. लोकर विणत बसलेली मिस मार्पल आम्हाला फार उशिरा भेटली.

मे महिन्याच्या सुट्टीत अकोल्याहून पॅसेंजरने मूर्तिजापूर ओलांडून बडनेऱ्याला उतरायचे आणि तिथून अमरावती. जवाहर गेटच्या आत खालाचे दुकान. खालू गेल्यावर तिनेच ते चालवले. रिळे, लच्छ्या, गोटा, लेस, गुंड्या, सलमा-सितारे, आणि मागे पडद्याआड शिलाई मशीन. खाला कधी कुणाला काही विचारत नसे. गोटा घाईने नेला की निकाह पुढे आला. नेलेला गोटा गुपचूप परत आला की मंगनी तुटली. वहीत मापे लिहिलेली. बायकांची सुखदुःखे त्या आकड्यांत तिला दिसत.

१९७८ च्या सुट्टीतली गोष्ट. मोहल्ल्यातली एक नवी सून तीन महिन्यांत दुसऱ्यांदा कुर्ते कमी करायला आली. शिवाय नव्या कुर्त्याला बाह्या मनगटापर्यंत हव्या. अमरावतीचा मे महिना, अंगावर ओढणी सहन होत नाही, आणि हिला पुऱ्या बाह्या! खालाने कापड ठेवून घेतले. चार दिवसांनी तिला सांगितले, "माप बराबर नै आया बेटी. अम्मी को लेके आ, उनके सामने लेती."

आई आली. पडदा ओढला गेला. माप घ्यायला दहा मिनिटे लागली असतील. पडदा सरला तेव्हा आईचा चेहरा ओळखू येत नव्हता. मुलीच्या दंडावरचे वळ तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. संध्याकाळी मुलगी माहेरी गेली.

आम्ही खालाला घेरले. कसे ओळखले, कधी संशय आला? कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणासारखे आम्हाला सगळे उलगडून हवे होते. खाला टेप गुंडाळत म्हणाली, "मैं कुछ नै बोली. माप ली, बस."

आठ दिवसांनी त्याच मुलीची सासू रिळे घ्यायला आली. खालाने मोजून दिली, मोजून पैसे घेतले.

यावर आम्हा बहिणींचे आजही पटत नाही. आपा म्हणते, खालाने चारचौघांत तोंड उघडायला हवे होते. त्या घरात उद्या दुसरी सून आली असती तर? धाकटी म्हणते, ४९८-अ कलम आले १९८३ मध्ये, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ मध्ये. १९७८ मध्ये मोहल्ल्यातल्या एकट्या बेवा बाईजवळ टेपशिवाय होते काय? बेट्सी सगळ्यांदेखत खुन्याचे नाव घेऊ शकते. खालाला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत दुकान उघडायचे होते.

त्या सुट्टीत खाला आमच्याकडून सुया ओवून घ्यायची, लच्छ्या रंगांप्रमाणे लावून घ्यायची. ही निळी ना? आणि ही जांभळी? आम्हाला वाटायचे, आम्हाला काम शिकवते आहे. दोन वर्षांनी डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू सांगितला, तेव्हा घरात कुणाचा विश्वास बसेना. मोतीबिंदूत निळा-जांभळा रंग आधी फसवतो, हे तेव्हा कळले.

खाला गेल्यावर दुकान आवरायला आम्हीच गेलो. लच्छ्यांचा डबा उघडला, तर प्रत्येक लच्छीच्या टोकाला गाठी. निळीला एक, जांभळीला दोन, काळीला एकही नाही. त्या लच्छ्या सुट्टीभर आम्हीच लावत होतो. शेजारी इमरानची कादंबरी पालथी घालून ठेवलेली असायची, पान हरवू नये म्हणून.