पाणी परत येतं

पालेगावात घर घेतलं तेव्हा नळाला किती वेळ पाणी येतं, एवढंच विचारलं होतं. बेसमेंटमध्ये शिरलेलं पाणी बाहेर कसं जातं, हे विचारायचं सुचलंही नाही. जूनमध्ये सोसायटीच्या कमिटीत आले आणि पंपाच्या पॅनलची चावी माझ्या हातात पडली. "ऑटोवर आहे, काही बघावं लागत नाही," एवढीच माहिती सोबत मिळाली.

जुलैतल्या एका रात्री दोन वाजता वॉचमनचा फोन आला. "ताई, पंप चालूय, पण पाणी हटत नाही." खाली गेले तर रॅम्पवरून धार आत येत होती आणि लिफ्टचा खड्डा भरायला चार बोटं उरली होती. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजाराहून जास्त माणसं बाहेर काढावी लागली. तेव्हापासून या पट्ट्यात पाऊस जोर धरू लागला की पोटात गोळा येतो. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद केली. पुढे काय करायचं, खरंच कळत नव्हतं.

पंप पंधरा-वीस सेकंद चाले आणि थांबे. थांबला की पाइपात गडगड होई, आणि लगेच पुन्हा सुरू.

दुसऱ्या मजल्यावरचे काका बॅटरी घेऊन खाली आले. मूळचे उरणजवळच्या करंज्याचे. गेटवेसमोर नांगरलेल्या शिडाच्या बोटींवर त्यांनी खलाशी म्हणून वर्षानुवर्षं काम केलंय. क्षणभर आवाज ऐकून म्हणाले, "बोटीच्या तळाला पाणी साचतं, तिथेही असाच पंप असतो, बिल्ज पंप. हा तेच पाणी परत परत फेकतोय."

त्यांनी आधी एमसीबी पाडायला लावला, मग प्लगही काढायला लावला. पाण्यात हात घालायचा तर दोन्ही बंद हवेत. पंप वर घेताना माझा हात केबलकडे गेला, तो त्यांनी अडवला. "साखळीला धरा. केबल ओढली की जोडातून पाणी मोटरमध्ये जातं." जाळी उघडली. आत सुतळीचा गुंता, वेफर्सची दोन पाकिटं आणि सिमेंटची खपली. सुतळी इम्पेलरच्या पात्यांभोवती इतकी घट्ट बसली होती की ब्लेडनं कापून काढावी लागली.

मग फ्लोट. मुठीएवढा प्लास्टिकचा डबा, आत एक सुटी गोळी. पाण्यानं डबा वर कलंडला की गोळी घरंगळते, संपर्क जुळतो आणि पंप सुरू होतो. पाणी उतरून डबा लटकला की बंद. आमच्या फ्लोटची वायर कुणीतरी अगदी आखूड बांधली होती. पाणी जरा चढलं-उतरलं तरी पंप चालू-बंद.

सकाळी कागद घेऊन बसले. दोन इंची पाइपात मीटरमागे साधारण दोन लिटर पाणी मावतं. आमचा उभा आणि चढता पाइप मिळून दहा मीटर, म्हणजे वीस लिटर. पंप थांबला आणि ते पंपाच्या दोन फूट बाय दोन फुटांच्या खड्ड्यात परत आलं की पातळी पाच सेंटिमीटर वाढते. आखूड फ्लोट उचलायला तेवढं पुरतं. परत येणारं पाणी अडवायची झडप, एनआरव्ही, पाइपात बसवलेलीच नव्हती.

वायर सैल केली. बाणाची दिशा वर ठेवून प्लंबरकडून एनआरव्ही बसवून घेतला. दुसऱ्या पावसात पंप चालू, आवाज नेहमीचा, आणि बाहेर थेंब नाही! त्या क्षणी मला रडू यायचं बाकी होतं. आधीच्याच दुरुस्तीनं नवा बिघाड उभा केला होता: झडपेखाली हवा अडकली होती आणि पंप ती ढकलू शकत नव्हता. पंप आणि झडप यांच्या मधल्या पाइपाला, खड्ड्याच्या झाकणाखाली, तीन मिलिमीटरचं भोक पाडलं. हवा सुटली, पाणी निघालं. पंप चालताना त्या भोकातून बारीक चिळकांडी उडते, ती खड्ड्यातच पडते.

काकांना ही झडप फारशी आवडलेली नाही. बोटीत शक्यतो झडपेच्या भरवशावर राहत नाहीत, असं ते सांगतात. ती कचऱ्यानं अडकते. बोटीत पाइपाचा वळसा जलरेषेच्या बराच वर नेतात, म्हणजे समुद्राचं पाणी उलटं आत येत नाही. आपल्याकडे उंची मिळेल तेवढीच, म्हणून झडप ठेवलीय आणि तिच्यावर लक्षही.

आता दर पंधरा दिवसांनी वॉचमन आणि मी खड्ड्यात बादल्यांनी पाणी ओततो आणि बाहेरच्या तोंडाशी वीस लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहितो. परवा नऊ लागले. खोक्यावर छापलेला आकडा याहून कितीतरी मोठा आहे, पण तो पाणी उंच न चढवता मिळणारा असतो. म्हणून आमच्या वहीतले नऊ सेकंदच मला महत्त्वाचे वाटतात. ते बारा झाले की जाळी साफ करायची.

आणि ऐन पावसात वीज गेली तर? बोटीवर पंप बॅटरीवर चालतो, शिवाय हातपंप असतोच, हे काकांनी सांगितल्यापासून माझी झोप उडाली आहे. रविवारच्या मीटिंगला दोन विषय लावलेत: इन्व्हर्टरवर चालणारा दुसरा पंप, आणि खड्ड्यात वरच्या बाजूला आणखी एक फ्लोट, त्याला वॉचमनच्या केबिनपर्यंत घंटा. दोन दुकानांतून कोटेशन आणलीत.